बॅकअपसाठी स्टोरेज किती घ्यावं? १२ टीबी डेटा, २ होस्ट, सोलापूर आणि पुणे

हातमाग_आयटी:

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याच्या सर्व्हर बॅकअपसाठी स्टोरेज घ्यायचं आहे. बजेट याच महिन्यात द्यायचं आहे, म्हणून जागेचा हिशोब कसा करायचा ते जाणकारांनी सांगावं.

व्हीएमवेअरचे २ होस्ट आहेत, त्यांवर १४ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच होस्टवर चालणारे वेगवेगळे सर्व्हर). वाटून दिलेली डिस्क २२ टीबी, प्रत्यक्षात भरलेली १२.१ टीबी. फोड अशी:

डिझाइनचा फाइल सर्व्हर (टिफ, पीएसडी, जेपीजी, जॅकार्डच्या फाइली): ६.२ टीबी
ईआरपीचा एसक्यूएल सर्व्हर: १.८ टीबी
मेल सर्व्हर: १.६ टीबी
डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), अ‍ॅप्लिकेशन, प्रिंट वगैरे: १.३ टीबी
लूम मॉनिटरिंग आणि लॅब: ०.८ टीबी
पगार, हजेरी, टॅली: ०.४ टीबी

सीसीटीव्ही वेगळ्या एनव्हीआरवर आहे, ते यात धरलेलं नाही.

मालकांना रोजचे ३० बॅकअप, महिन्याचे १२ आणि वर्षाचे ८ हवेत. शिवाय एक प्रत पुण्याच्या ऑफिसात. तिथे १०० एमबीपीएसची लीज लाइन आहे. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्री ११ ची पाळी बदलली की पहाटे ६ पर्यंत ईआरपीवर लोड कमी असतो.

व्हेंडरने ४ बेचा (डिस्कच्या ४ खणांचा) नॅस (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी), १२ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहतो अशी मांडणी), म्हणजे ३६ टीबी असं कोटेशन दिलंय. 'डेटाच्या तिप्पट घेतलं की झालं' असं त्यांचं म्हणणं. पुरेल का?

---

रात्रपाळी:

तिप्पट-चौपट हे ठोकताळे सोडा. जागा ठरते तीन आकड्यांवर: फुल (सगळ्या डेटाचा) बॅकअप कॉम्प्रेस होऊन केवढा उतरतो, रोज किती ब्लॉक (डिस्कवरचे लहान तुकडे) बदलतात, आणि जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या. मूळ डेटा १२ टीबी आहे हे कळून यातलं एकही उत्तर मिळत नाही.

पहिला आकडा. बॅकअप सॉफ्टवेअरवाले सरसकट २:१ कॉम्प्रेशन धरतात. तुमचा निम्म्याहून जास्त डेटा डिझाइनच्या फाइलींचा आहे आणि तिथे हे चालत नाही. जेपीजी आधीच दाबलेली असते, टिफ बहुधा एलझेडडब्ल्यूने सेव्ह केलेली असते. तिथे १.१:१ मिळालं तरी भरपूर. एसक्यूएलचा डेटा दुपटीहून जास्त दबतो. पण डेटाबेसवर टीडीई (पूर्ण डेटाबेसचं) एन्क्रिप्शन चालू असेल तर जवळपास काहीच दबत नाही, कारण एन्क्रिप्ट झालेल्या डेटात कॉम्प्रेसरला पकडायला पुनरावृत्ती उरत नाही. म्हणून प्रत्येक प्रकाराचा आकडा वेगळा काढा आणि मग बेरीज करा.

दुसरा आकडा मोजावाच लागतो. एक १६ टीबीची साधी डिस्क लावा, बॅकअप सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती घ्या, एक फुल आणि रोज इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप) असं दोन आठवडे चालवा. त्यात महिनाअखेर आली पाहिजे, कारण पगार, स्टॉक क्लोजिंग आणि जीएसटीची कामं त्याच दिवसांत होतात आणि ईआरपीचा बदल तेव्हा वाढतो. प्रत्येक व्हीएमच्या इन्क्रिमेंटल फाइलचा आकार रोज लिहून ठेवा. फाइल सर्व्हरवर 'आज बदललेल्या फाइली' शोधून हा आकडा येत नाही, कारण इमेज बॅकअप (आख्ख्या डिस्कची प्रत) फाइली नाही, ब्लॉक मोजतो. डीफ्रॅग चालला किंवा विंडोज डीडुपने (सारखे तुकडे एकदाच ठेवण्याची सोय) आवराआवर केली तर एकही फाइल न बदलता शेकडो जीबीचा इन्क्रिमेंटल तयार होतो.

तिसरा आकडा हा खरा पैशाचा प्रश्न आहे. ३०-१२-८ हा नियम तुम्ही सगळ्या १४ व्हीएमना सारखा लावताय. प्रिंट सर्व्हरचा आठ वर्षांपूर्वीचा बॅकअप कोण मागणार? प्रत्येक प्रकारासाठी 'किती मागे जायची वेळ येईल' हे त्या-त्या विभागाकडून लिहून घ्या.

आणि एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. डिस्क बनवणारे दशमान टीबी मोजतात, विंडोज आणि बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत मोजून त्यालाच टीबी म्हणतात. १६ टीबीची डिस्क १४.५५ दिसते. व्हेंडरचे ३६ टीबी म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरच्या मापात ३२.७. पुढच्या सगळ्या हिशोबात सॉफ्टवेअरचं माप वापरा आणि डिस्क मागवताना शेवटी एकदाच बदला.

---

हातमाग_आयटी:

धन्यवाद. मोजणी झाली, महिनाअखेर त्यात आली. कॉम्प्रेशननंतरचे आकडे देतोय, आधी फुल, मग रोजचा इन्क्रिमेंटल:

डिझाइन: ५.७ टीबी / ३० जीबी
ईआरपी: १.३ टीबी / ३४० जीबी, रविवारी ५२० जीबी
मेल: १.३ टीबी / १२ जीबी
डोमेन, अ‍ॅप्लिकेशन वगैरे: ०.६ टीबी / १५ जीबी
लूम आणि लॅब: ०.४ टीबी / १५ जीबी
पगार, टॅली: ०.२ टीबी / ५ जीबी

ईआरपीचा आकडा कळत नाही. डेटाबेस ९०० जीबीचा आणि रोज ३४० जीबी बदलतो? वाढ बघितली तर डेटाबेस महिन्याला १५ जीबीसुद्धा वाढत नाही.

---

रात्रपाळी:

डेटाबेस ९०० जीबी आणि व्हीएम १.८ टीबी भरलेली, मग बाकीचे ९०० जीबी कसले ते बघा. माझा अंदाज: एसक्यूएल एजंटचा रात्रीचा जॉब त्याच व्हीएमच्या डी किंवा ई ड्राइव्हवर कॉम्प्रेस केलेली बीएके (डेटाबेसच्या बॅकअपची) फाइल टाकतोय आणि शेवटच्या तीन ठेवतोय. तीन गुणिले ३०० म्हणजे ९००. रोज नवी ३०० जीबीची फाइल लिहिली जाते, इमेज बॅकअपला ते ३०० जीबी नवे ब्लॉक दिसतात, आणि आधीच दाबलेले असल्याने ते पुन्हा दबतही नाहीत. म्हणजे तुम्ही बॅकअपचा बॅकअप घेताय.

उपाय दोन. एक, बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन-अवेअर प्रोसेसिंग आणि ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) बॅकअप चालू करा आणि तो जुना जॉब बंद करा. दोन, ईआरपी कंपनीला बीएके फाइल हवीच असेल तर ती वेगळ्या व्हीएमडीकेवर (व्हीएमच्या वेगळ्या डिस्क फाइलवर) टाका आणि ती डिस्क इमेज बॅकअपमधून वगळा. पेजफाइल आणि टेम्पडीबीही (दोन्हीत तात्पुरताच डेटा) त्याच वगळलेल्या डिस्कवर गेलेली बरी. फक्त रिस्टोरच्या चिठ्ठीत लिहून ठेवा की ही डिस्क परत येणार नाही, रिकामी बनवून त्याच अक्षराने जोडायची, आणि टेम्पडीबीचा फोल्डर हाताने तयार करायचा. तो फोल्डर नसेल तर एसक्यूएलची सर्व्हिस उठत नाही.

दोन्ही यंत्रणा एकाच वेळी लॉग बॅकअप घेत नाहीत ना, हेही तपासा. ईआरपीचा जॉब दर तासाला लॉग उचलत असेल आणि बॅकअप सॉफ्टवेअरही उचलत असेल तर लॉगची साखळी दोन ठिकाणी विभागली जाते, आणि दुपारी ३.४० च्या स्थितीवर परत जायचं म्हटलं की निम्मे तुकडे दुसऱ्याच फोल्डरमध्ये सापडतात.

रविवारचे जादा १८० जीबी हे इंडेक्स रीबिल्ड. पूर्ण इंडेक्स नव्या पानांवर लिहिला जातो, म्हणून एकही नोंद न बदलता ब्लॉक बदलतात. सगळे इंडेक्स दर आठवड्याला रीबिल्ड करायची गरज सहसा नसते. फ्रॅगमेंटेशन ३० टक्क्यांवर गेलेलेच करा, बाकीच्यांना स्टॅटिस्टिक्स अपडेट पुरतं. सध्या तो आकडा तसाच धरू, म्हणजे हिशोब थोडा सैल राहील.

आता मांडणी. ईआरपीचा फुल १.३ वरून ०.४ टीबीवर येईल, रोजचा ४० जीबी. एकूण फुल ८.६ टीबी. रोजचे ११७ जीबी, आठवड्यातून एकदा २९७. सरासरी १४३ जीबी.

आधी मालकांच्या नियमाप्रमाणे, प्रत्येक फुल स्वतंत्र धरून:
चालू फुल ८.६
३० दिवसांचे इन्क्रिमेंटल ४.३
महिन्याचे १२ फुल १०३.२
वर्षाचे ८ फुल ६८.८
बेरीज सुमारे १८५ टीबी. आणि कोटेशन ३२.७ चं.

बीएके फाइल तशीच ठेवली असती तर नुसते ३० दिवसांचे इन्क्रिमेंटलच ४.३ ऐवजी १३.३ टीबी झाले असते. म्हणून मोजणीआधी डिस्क घेऊ नये म्हणतात.

आता १८५ खाली आणू. रिपॉझिटरीला (बॅकअप ठेवायच्या सर्व्हरला) लिनक्सवर एक्सएफएस वापरा, फॉरमॅट करताना रीफ्लिंक चालू आणि ब्लॉक ४०९६ बाइटचा. विंडोज असेल तर आरईएफएस, ६४ केबी क्लस्टरचं. यांत सिंथेटिक फुल (आधीच्या बॅकअपमधूनच जुळवलेला नवा फुल) बनताना जुने ब्लॉक पुन्हा लिहिले जात नाहीत, नुसता निर्देश जोडला जातो. महिन्याचा फुल ८.६ टीबीचा दिसतो, पण डिस्कवर त्या महिन्यात खरोखर बदललेले ब्लॉकच नवी जागा खातात.

किती खातात? ३० इन्क्रिमेंटलची बेरीज ही वरची मर्यादा. तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा बदलत असल्याने प्रत्यक्षात कमी. तुमच्या आकड्यांवर मी असं धरतो: डिझाइन ०.३५, मेल ०.३, लूम ०.३५, डोमेन वगैरे ०.२५, पगार ०.१. ईआरपीचे मात्र पूर्ण ०.४, कारण रीबिल्डमुळे महिन्याभरात जवळपास सगळाच डेटाबेस नव्या ब्लॉकवर जातो.

ठेवायचा काळ असा सुचवतो. ईआरपी, मेल, पगार १२ महिने, डिझाइन ६, लूम ३, डोमेन वगैरे २. मग महिन्याच्या प्रतींना ४.८ + ३.६ + १.२ + २.१ + १.०५ + ०.५, म्हणजे १३.२५ टीबी.

चालू फुल आणि ३० दिवस: १२.९
महिन्याच्या प्रती: १३.२५
साखळीचं शेपूट: १
एक अनपेक्षित पूर्ण फुल: ८.६
बेरीज ३५.७५

शेपूट म्हणजे काय? इन्क्रिमेंटल हे आधीच्या फुलवर टांगलेले असतात. ३० दिवस ठेवायचे म्हटले तरी ३१ वा दिवस एकटा पुसता येत नाही, त्याच्यावर टांगलेले सगळे जुने झाले की आख्खी साखळी जाते. आठवड्याला सिंथेटिक फुल घेतलात तर जास्तीत जास्त ६ दिवसांचं ओझं जादा राहतं. महिन्याला एकदाच घेतलात तर ते ४ टीबीवर जाईल.

अनपेक्षित फुलची जागा कुणी धरत नाही आणि गाडी तिथेच अडते. नवा व्हीसेंटर (व्हीएमवेअरचा नियंत्रक सर्व्हर) बसवला, व्हीएमची ओळख बदलली, जॉबचा ब्लॉक साइज बदलला, नंतर कधी एन्क्रिप्शन चालू केलं, किंवा साखळीतली एक फाइल खराब निघाली, की सॉफ्टवेअर पहिल्यापासून फुल घेतं. त्यात वर प्रतींवर इम्युटेबिलिटी (ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता न येण्याची सोय) लावली असेल तर जागा करायला जुनं पुसताही येत नाही, मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.

वाढ वर्षाला २० टक्के, तीन वर्षं: ३५.७५ गुणिले १.७२८ म्हणजे ६२. फाइलसिस्टिम ८० टक्क्यांवर भरू द्यायची नाही, म्हणून ६२ भागिले ०.८, म्हणजे ७७.५ टीबी वापरण्याजोगे.

१६ टीबीच्या ७ डिस्क रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो) लावल्या तर ७२.८ मिळतात, कमी पडतात. ८ लावल्या तर ८७.३. तेव्हा ८ डिस्क, १२ बेच्या पेटीत. चार बे वाढीला मोकळे.

---

गड्ड्याची_जत्रा:

व्हीएमवेअरऐवजी प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी एक पुस्ती. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये डीडुप मुळातच असतं, त्यामुळे महिन्याच्या प्रतींचा हिशोब वर दिलाय तसाच हलका होतो. पण प्रून (जुन्या प्रती काढायचं काम) चालवल्याने जागा मोकळी होत नाही, नुसती यादी कमी होते. जागा सोडतं ते गार्बेज कलेक्शन, आणि तेही शेवटच्या वापराला २४ तास ५ मिनिटं उलटलेले तुकडेच काढतं. डिस्क १०० टक्के भरल्यावर 'सगळं प्रून केलं तरी जागा नाही' अशी बोंब होते ती यामुळेच. गार्बेज कलेक्शनलाही थोडी मोकळी जागा लागते. नुसत्या फिरत्या डिस्कवर ते फार रेंगाळतं. झेडएफएस असेल तर मेटाडेटासाठी एसएसडीची आरशातली जोडी स्पेशल डिव्हाइस म्हणून लावा. जोडीच हवी, कारण तो डिव्हाइस गेला की आख्खा पूल जातो.

---

सीनाकाठ:

जागेचा हिशोब रात्रपाळी यांनी नीट मांडलाय. मी पेटीबद्दल बोलतो.

रेड ५ नको. १२ टीबीची एक डिस्क गेली तर रीबिल्डला १५० एमबी प्रति सेकंदाने २२ तास लागतात, आणि तेही बाकी काही काम नसेल तर. रात्री बॅकअप चालू असला की दोन-तीन दिवस. तेवढ्या काळात उरलेल्या तीन डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि एकाच खोक्यातून आलेल्या, सारखंच वय झालेल्या डिस्कपैकी दुसरी नेमकी त्याच वेळी मान टाकते. रेड ६ मध्ये दुसरी गेली तरी डेटा राहतो. १६ टीबीला रीबिल्ड ३० तासांचं धरा. नववी डिस्क कपाटात तयार ठेवा, कारण ती मागवून यायला दोन-चार दिवस जातातच.

डिस्क सीएमआर आहे याची डेटाशीटवरून खात्री करा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्कवर रीबिल्ड इतकं मंदावतं की कंट्रोलर डिस्कलाच बाद ठरवतो.

नॅसऐवजी साधा रॅक सर्व्हर घ्या, लिनक्स टाका, डोमेनला जोडू नका. डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड गेला की डोमेनमधल्या नॅसचं शेअर रॅन्समवेअरला उघडंच असतं. हार्डन्ड (इम्युटेबिलिटी लावलेली, बंदोबस्तातली) रिपॉझिटरी केलीत तर दोन फटी आठवणीने बुजवा. एक, सर्व्हरचा रिमोट मॅनेजमेंट पोर्ट: तिथून कुणी व्हर्च्युअल सीडीने बूट करून रेडच पुसू शकतो, तेव्हा त्याची केबल काढून ठेवा किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. दोन, घड्याळ: इम्युटेबिलिटीची मुदत सर्व्हरच्या वेळेवर चालते, म्हणून वेळ कुठून घेतो ते पक्कं करा.

सगळं एकाच व्हॉल्यूमवर ठेवा. ब्लॉक क्लोन एका व्हॉल्यूमच्या आतच होतो. 'सोयीसाठी' दोन केले तर दोन्हीकडे वेगळे फुल बसतील आणि वरचा सगळा हिशोब कोलमडेल. तसंच पुढे पेटी बदलताना साध्या कॉपीने फाइली हलवू नका. क्लोन केलेला प्रत्येक फुल कॉपीत पुन्हा पूर्ण आकाराचा होतो, २६ टीबीचे शंभरावर जातात. बॅकअप सॉफ्टवेअरचीच हलवण्याची सोय वापरा, आणि ती क्लोन राखते का ते आधी एका लहान जॉबवर बघा. जागा किती उरली तेही फाइलसिस्टिमलाच विचारा, कन्सोलमधल्या फाइलींच्या बेरजेला काही अर्थ नसतो.

नेटवर्क १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिट) हवं. १ जीवर खरे ११० एमबी प्रति सेकंद मिळतात, बीएके फाइली वगळून ११.२ टीबीचा पहिला फुल ३१ तास चालेल आणि तिन्ही पाळीबदल त्यात सापडतील. दोन होस्ट आणि रिपॉझिटरी यांत एसएफपी प्लसचे कार्ड आणि तीन मीटरची डायरेक्ट अटॅच केबल, एवढंच लागतं.

आता सोलापूरचं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३ च्या पुढे जातो, आणि एसी बंद पडला की पत्र्याखालच्या खोलीत तासाभरात डिस्क ५५ वर जातात. एंटरप्राइज डिस्कची मर्यादा साधारण ६० असते. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी टायमरवर आळीपाळीने, आणि डिस्क ४८ अंशांवर गेली की एसएमएस, असं लावा. एसी यूपीएसवर नसतो, सर्व्हर असतो. लाइट गेली की गरम हवा फिरवत बसतो. म्हणून १५ मिनिटांत जनरेटर आला नाही तर रिपॉझिटरी आधी बंद होईल असं यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगा.

टॉवेल कारखान्यात याहून मोठा शत्रू म्हणजे रुईचे तंतू. शिअरिंग खात्यापासून सर्व्हर रूम लांब असली तरी कपड्यांवरून, दारातून ते येतात. पुढून पेटी स्वच्छ दिसते. बेझल काढा, डिस्कच्या कॅडीमधल्या जाळीवर पांढुरक्या नमद्यासारखा थर असतो, बोटाने उचलला तर अख्खा सोलून निघतो. त्या थराने हवा अडते, पंखे पूर्ण वेगाने ओरडतात आणि तरी मधल्या डिस्क कडेच्यांपेक्षा सात-आठ अंशांनी गरम राहतात. महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने ओढून काढा. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या लाइनमध्ये पाणी आणि तेलाचा अंश असतो, तंतू आतल्या बॅकप्लेनवर जाऊन तेलासकट चिकटतात. दाराला आतून स्प्रिंग आणि हवेच्या वाटेला धुता येणारी जाळी, याचा खर्च नगण्य आहे.

---

रात्रपाळी:

पुण्याच्या प्रतीबद्दल राहिलं होतं.

१०० एमबीपीएसवर प्रत्यक्षात १० एमबी प्रति सेकंद धरा. रोजचे ११७ जीबी साडेतीन तासांत जातील, म्हणजे रात्री साडेबाराला सुरू होऊन चारला संपेल. जड दिवसाचे २९७ जीबी नऊ तास घेतील. इंडेक्स रीबिल्ड रविवारऐवजी शनिवारी रात्री ठेवा, म्हणजे ती प्रत रविवारी पुण्याचं ऑफिस बंद असताना जाईल. नाहीतर सोमवारी सकाळी तिथले लोक नेट चालत नाही म्हणून फोन करत बसतील.

पहिला फुल लाइनवरून पाठवू नका, ८.६ टीबीला अहोरात्र ११ दिवस लागतात. पुण्याची पेटी आधी सोलापुरात आणा, १० जीवर भरा, एन्क्रिप्ट करून गाडीने न्या आणि मग जॉबला ती प्रत दाखवा. उलटा प्रवासही तसाच. सोलापूरचं सगळं गेलं तर २५० किलोमीटर गाडीने पेटी आणणं हाच वेगवान मार्ग. एन्क्रिप्शनचा पासवर्ड छापून बंद पाकिटात दोन ठिकाणी ठेवा, दोन्ही सर्व्हर रूमच्या बाहेर.

तिथे १४ दिवस आणि ३ महिने पुरेत, लूमचा डेटा वगळून (महिन्याच्या प्रतींतून डोमेन वगैरेही वगळून): ८.२ + २ + ३.४५, म्हणजे १३.६५. वाढीसकट २३.६, ८० टक्क्यांच्या नियमाने २९.५. व्हेंडरची ४ बेची पेटी इथे कामाला येईल, पण १८ टीबीच्या डिस्क आणि रेड ६ लावून, म्हणजे ३२.७. १६ च्या लावल्या तर २९.१ येतात, थोडक्यात हुकतं.

वर्षाच्या प्रती टेपवर. एलटीओ ८ ची (बॅकअप टेपच्या आठव्या पिढीची) टेप १२ टीबीची, सॉफ्टवेअरच्या मापात १०.९. खोक्यावर ३० लिहिलेलं असतं ते २.५:१ कॉम्प्रेशन धरून, आणि तुमचा बॅकअप आधीच दाबलेला. पहिली दोन वर्षं एका टेपवर बसेल, तिसऱ्या वर्षी १२.४ होतो. म्हणून एलटीओ ९ घ्या, १८ टीबी. नवी एलटीओ ९ टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं मोजमाप घेतो, त्याला कधी कधी दोन तास लागतात. ड्राइव्ह अडकला समजून बाहेर काढू नका. ३०० एमबी प्रति सेकंदाने ८.६ टीबी लिहायला नऊ तास. डेटा ड्राइव्हच्या किमान वेगाहून मंद यायला लागला तर टेप पुढे-मागे धावत बसते आणि झिजते, म्हणून टेपचा जॉब रात्रीच्या बॅकअपबरोबर लावू नका.

---

हातमाग_आयटी:

मालक ८ वर्षांवर ठाम आहेत, सीए साहेबांनी सांगितलंय म्हणून. सगळंच ८ वर्षं ठेवायचं असं कायद्यात आहे का? आणि पुण्याऐवजी क्लाउड चालेल का?

---

पाटी_पेन्सिल:

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८(५) मध्ये हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर मागच्या ८ आर्थिक वर्षांचे ठेवायचे आहेत. जीएसटीत कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. दोन्हीकडे विषय हिशोबाचा आहे, डोमेन कंट्रोलरचा नाही. आठही वर्षांचे व्यवहार चालू ईआरपीत जिवंत असतील तर रोजच्या बॅकअपमध्ये ते आहेतच. अडचण येते ती वर्ष संपल्यावर जुना डेटा कापून नवी कंपनी उघडली जाते तिथे, टॅलीत हे बरेच जण करतात. तो कापलेला भाग वेगळा जपला पाहिजे.

क्लाउड चालेल, पण रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण) भारतातलाच निवडा. कंपनी लेखा नियम २०१४ च्या नियम ३(५) मध्ये ऑगस्ट २०२२ ला बदल झाला: इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर, रोजच्या रोज. आधी 'ठरावीक काळाने' असं होतं. अ‍ॅझ्युअरचा सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचे मुंबई आणि हैदराबाद. पैशाचा हिशोब करताना परत डाउनलोड करण्याचा दर आणि किमान मुदत दोन्ही बघा. एडब्ल्यूएस डीप आर्काइव्हमध्ये (क्वचित लागणाऱ्या डेटाची साठवण) ठेवलेली वस्तू १८० दिवसांच्या आत पुसली तरी १८० दिवसांचं भाडं लागतं, म्हणून १४ दिवसांच्या प्रती तिथे टाकणं म्हणजे फुकटचा भुर्दंड.

एक वेगळा मुद्दा, हिशोबात कुणी धरला नाही म्हणून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आहेत. फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग एका ठिकाणी जमा करत असाल तर त्या व्हीएमसाठी वेगळी जागा धरा. रोज किती येतात ते मोजा आणि १८० ने गुणा.

वर्षाच्या टेपबरोबर त्या वर्षीच्या ईआरपीचा इन्स्टॉलर, एसक्यूएलची आवृत्ती, लायसन्सचा तपशील आणि खातेवह्यांच्या पीडीएफ ठेवा. आठ वर्षांनी व्हीएम उघडली नाही तरी पीडीएफ उघडतील.

---

हातमाग_आयटी:

फार मोलाची मदत झाली. डी ड्राइव्हवर खरंच तीन बीएके फाइली होत्या, ईआरपी कंपनीशी बोलून तो जॉब बंद केला. काल रात्रीचा ईआरपीचा इन्क्रिमेंटल ३८ जीबी.

बजेटला देतोय ती यादी: १२ बेचा रॅक सर्व्हर, १६ टीबीच्या ९ डिस्क, कॅश बॅटरीसकट रेड कंट्रोलर, १० जीची ३ कार्डं आणि केबल, पुण्यासाठी ४ बेची पेटी आणि १८ टीबीच्या ५ डिस्क, एलटीओ ९ चा ड्राइव्ह, ६ टेप. वर्षाच्या प्रती दोन टेपवर, एक इथे, एक पुण्यात. लॉगच्या व्हीएमचे रोजचे ४ जीबी येतात, १८० दिवसांचे ७२० जीबी, ते ८७ मध्ये सहज बसतात. काही राहिलं का?

---

सीनाकाठ:

टेप ड्राइव्हसाठी एसएएस एचबीए (ड्राइव्ह जोडायचं कार्ड) वेगळा लिहा. रेड कंट्रोलरला टेप जोडलेली बऱ्याच कंट्रोलरवर चालत नाही. क्लीनिंग कार्ट्रिज एक. टेपवर लावायच्या लेबलांवर वर्ष आणि प्रत क्रमांक. इथली टेप लोखंडी कपाटात गोदामात नको, एसीतच: दीर्घकाळ साठवणीला १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. पुण्याला नेताना मे महिन्यात गाडीच्या डिकीत दिवसभर राहू देऊ नका. बाहेरून आलेली टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी २४ तास खोलीत ठेवा.

डिस्क ९ आणि ५ एकाच पावतीवर घेतल्या तरी व्हेंडरला दोन वेगळ्या बॅचमधल्या मागा, आणि पेटीत लावताना बॅच मिसळा. लावण्याआधी प्रत्येक डिस्कवर पूर्ण लांब एसएमएआरटी (डिस्कची अंगभूत) चाचणी चालवा. १६ टीबीला दिवसभराहून जास्त लागतो, पण खराब निघणारी डिस्क तेव्हाच बदलून मिळते.

---

रात्रपाळी:

पेटी आल्यावर पहिल्या महिन्यात दोन आकडे पुन्हा काढा: महिन्याच्या सिंथेटिक फुलने खरोखर किती नवी जागा खाल्ली, आणि ८० टक्क्यांना पोचायला या गतीने किती महिने. मी डिझाइनला ०.३५ धरलंय. डिझाइनर मंडळी प्रत्येक बदलाला 'सेव्ह अ‍ॅज' करून नवी टिफ बनवत असतील तर तो आकडा ०.८ पर्यंत जाईल आणि ६ प्रतींना जवळपास पावणेतीन टीबी जादा लागतील. जागा आहे, पण मग मोकळे ४ बे ठरल्यापेक्षा लवकर भरायला घ्यावे लागतील. ७० टक्क्यांवर इशारा लावा, ८० वर नको. डिस्क मागवणं, मंजुरी आणि रेड वाढवायला लागणारे दिवस मिळून दोन महिने सहज जातात.

रिस्टोरची चाचणी तीन महिन्यांतून एकदा ईआरपीच्या पूर्ण व्हीएमची घ्या, लॉगसकट ठरावीक मिनिटावर. त्यासाठी होस्टच्या डेटास्टोअरवर १ टीबी रिकामी ठेवा. ती जागा बॅकअपच्या पेटीत धरलेली नाही.